नरनाळ्याचा तलाव आणि कुत्र्याचा चावा

अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर नरनाळा किल्ला उभा आहे. वऱ्हाडातला हा सर्वात भव्य गिरिदुर्ग. शहानूर गावातून वर गेले की एकामागून एक दरवाजे लागतात. त्यातला महाकाली दरवाजा १४८७ मधला. वालुकाश्मात कोरलेली कमळे, दोन्ही बाजूंचे सज्जे आणि अरबी लिपीतील शिलालेख पाहताना माणूस पायातला थकवा विसरतो. मुख्य गड नरनाळा, शेजारी जाफराबाद आणि तेलियागड, वर नऊगजी तोफ, आणि पाण्यासाठी लहानमोठे अनेक तलाव. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त या किल्ल्याची दखल घेतली, ती उगाच नाही.

पण नरनाळ्याची आणखी एक ख्याती आहे. ती पर्यटनाच्या फलकांवर सहसा नसते, खेड्यापाड्यांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पिसाळलेला कुत्रा चावला की माणसाला नरनाळ्यावर न्यायचे. गडावरच्या सक्कर तलावात स्नान करायचे, बुऱ्हानुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर गूळ-फुटाणे वाहायचे आणि मागे वळून न पाहता गड उतरायचा. मग विष उतरते, अशी लोकश्रद्धा. वाघावर स्वार होणारे वली म्हणून बाबांची ओळख. त्यांच्यापुढे कुत्र्याचे विष ते काय! दर्ग्यावर सर्व जातिधर्मांचे लोक येतात आणि आजही “कुत्रं चावलं, नरनायावर नेलं, बरं झालं” असे सांगणारी माणसे भेटतात. ती खोटे बोलत नसतात. त्यांनी जे पाहिले तेच ती सांगतात. प्रश्न आहे तो पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावण्याचा, कारण इथे अर्थ चुकला तर जीव जातो.

श्रद्धेमागचे गणित

रेबीज हा एका विषाणूचा आजार आहे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून हा विषाणू जखमेत येतो. रक्तातून पसरण्याऐवजी तो जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्या तंतूच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. म्हणूनच चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे दोन ते तीन महिने जातात. कधी आठवडाभरात आजार दिसतो, कधी वर्षही लागते. चेहऱ्यावर, मानेवर किंवा बोटांवर चावा असेल तर धोका जास्त आणि वेळ कमी. पायावर असेल तर त्या मानाने वेळ मिळतो.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, कुत्रा चावलेली शंभर माणसे कुठलाही उपचार न घेता केवळ तलावात स्नान करून आली. कुत्रा चावतो तो बहुतेक वेळा भीतीने, पिलांच्या रक्षणासाठी, शेपटीवर पाय पडला म्हणून किंवा खोडी काढली म्हणून. चावणारे सगळेच कुत्रे पिसाळलेले नसतात. या शंभरांतले दहा कुत्रे खरोखर पिसाळलेले होते असे धरू. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या आणि उपचार न घेतलेल्या प्रत्येकालाही रेबीज होत नाही. लाळ किती गेली, कपडा मध्ये होता का, जखम किती खोल आणि कुठे, यावर ते ठरते. ढोबळमानाने सहा-सातांपैकी एकाला आजार होतो. म्हणजे शंभरांतले एक किंवा दोघे दगावतील आणि अठ्ठ्याण्णव जण धडधाकट राहतील.

हे अठ्ठ्याण्णव जण आयुष्यभर सांगत राहतात की तलावाने वाचवले. जे एक-दोघे जातात ते दोन-तीन महिन्यांनी, आपापल्या गावी जातात. तोवर जखम भरलेली असते आणि घरचे चावा विसरलेले असतात. ताप आला, घसा धरला, झटके आले, ‘बाहेरचं काही लागलं’ अशी चर्चा होते. ते मृत्यू तलावाच्या खात्यात कधी लिहिलेच जात नाहीत. त्यामुळे कोणताही उतारा, ताईत, झाडपाल्याचा रस किंवा मंत्र कुत्र्याच्या चाव्यावर ‘शंभर टक्के गुणकारी’ ठरतो. काहीही केले नसते तरी आकडा जवळपास तोच आला असता.

आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. रेबीजची लक्षणे सुरू झालेल्या माणसाला पाणी गिळता येत नाही. घशाच्या आणि श्वासाच्या स्नायूंना वेदनादायक पेटके येतात. पुढे पाणी नुसते दिसले किंवा त्याचा आवाज आला तरी ते येतात. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात याला ‘जलत्रास’ म्हटले आहे आणि हे लक्षण दिसले की रोगी वाचत नाही, असेही स्पष्ट नोंदवले आहे. अशा रुग्णाला तलावात स्नान घालणे शक्यच नसते. तेव्हा तलावावर पोहोचणारा प्रत्येक जण त्या दिवशी ठणठणीतच असतो आणि ठणठणीतच परततो. परीक्षा पुढे, घरी गेल्यावर असते.

आर्देनच्या जंगलातला संत

ही केवळ वऱ्हाडची कथा नाही. जगाच्या नकाशावर नरनाळ्याची भावंडे सापडतात. बेल्जियमच्या आर्देन जंगलात सेंट ह्यूबर्ट नावाचे गाव आहे. तिथले भव्य बॅसिलिका चर्च पाहायला आज पर्यटक जातात. संत ह्यूबर्ट हा शिकाऱ्यांचा रक्षक मानला जातो. शिकारी म्हणजे कुत्रे, म्हणून कुत्र्याच्या चाव्यावरही त्याचाच धावा. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले लोक शेकडो वर्षे तिथे येत. धर्मगुरू त्यांच्या कपाळावर छोटा छेद देऊन संताच्या उपरण्याचा बारीक धागा त्यात ठेवत. मग नऊ दिवसांची प्रार्थना, स्वच्छ चादरीवर एकट्याने झोपणे आणि चाळीस दिवस केस न विंचरणे, असे कडक नियम. नरनाळ्यावर मागे वळून पाहायचे नाही, तिथे कंगवा लावायचा नाही. हजारो मैलांचे अंतर आणि धर्म वेगळा, पण भीती एकच आणि गणितही तेच.

पाण्यात बुडवण्याचा उपायही जुना आहे. रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात जलत्रासाच्या रोग्याला अचानक तळ्यात ढकलण्याचा सल्ला लिहून ठेवला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कुत्रा चावलेल्यांना समुद्रस्नानासाठी नेत. याच सेल्ससने जखमेला डाग देण्याचीही शिफारस केली होती, आणि ‘ह्यूबर्टची किल्ली’ नावाची तापवलेली लोखंडी सळई युरोपात त्यासाठी वापरली जाई. चावल्याबरोबर डाग दिला तर जखमेतला थोडा विषाणू जळतही असेल. पण जे काम साध्या साबणाने अधिक चांगले होते त्यासाठी आज कोणालाही डागण्या देण्याचे कारण नाही.

त्या काळच्या लोकांना हसू नये. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या शेतकऱ्याला दीडशे वर्षांपूर्वी कुत्रा चावला असता तर जगातल्या कोणत्याही डॉक्टरकडे त्याच्यासाठी औषध नव्हते. गड चढण्याने निदान धीर तरी मिळत होता.

पॅरिसमधला पुतळा

हे चित्र बदलले ते १८८५ च्या जुलै महिन्यात. पूर्व फ्रान्सच्या सीमेवरील अल्सास प्रांतातला जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा पिसाळलेल्या कुत्र्याच्या अनेक चाव्यांनी घायाळ झाला होता. आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे आली. सशाचा मज्जारज्जू वाळवत नेऊन त्यातल्या विषाणूचे बळ टप्प्याटप्प्याने कमी करण्याची पद्धत पाश्चर यांनी शोधली होती. ते रसायनशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. म्हणून ६ जुलैला पहिली सुई डॉ. ग्रँशे यांनी टोचली. पुढच्या काही दिवसांत एकूण तेरा सुया झाल्या आणि मुलगा वाचला. मोठेपणी तो पाश्चर इन्स्टिट्यूटचा रखवालदार झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाँ-बातिस्त ज्युपिल या मेंढपाळ मुलावर उपचार झाले. लहान मुलांवर धावून आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याशी तो एकटा झुंजला होता. पुढच्या वर्षी रशियातील स्मोलेन्स्कहून लांडग्याने फाडलेली एकोणीस माणसे पॅरिसला पोहोचली, आणि त्यातली सोळा वाचली. लांडग्याच्या चाव्यात आणि एवढ्या उशिरा हे यश अफाट होते. देशोदेशींतून देणग्या आल्या आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पाश्चर इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले. तिच्या आवारात आजही कुत्र्याशी झुंजणाऱ्या ज्युपिलचा पुतळा आहे. पाश्चर यांची समाधी त्याच संस्थेच्या इमारतीत, तळघरात आहे. भिंतींवर रंगीत खड्यांच्या नक्षीत त्यांच्या संशोधनातले प्राणी आणि वनस्पती दिसतात. आयफेल टॉवर पाहायला गेलेले थोडेच लोक तिकडे वळतात.

नरनाळ्याची एक नोंद इथे जोडून वाचण्यासारखी आहे. गडावरच्या तलावात परीस आहे, असाही जुना समज होता. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात, लोक ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत त्या काळात, तलाव आटला. तळ उघडा पडला, पण परीस सापडला नाही. योगायोग असा की त्याच १९०० साली हिमाचलातील कसौली येथे हिंदुस्थानातली पहिली पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तोवर कुत्रा चावलेल्या ब्रिटिश सैनिकांना उपचारासाठी थेट पॅरिसला धाडावे लागे. १९०७ मध्ये तमिळनाडूतील कुन्नूरलाही अशीच संस्था निघाली.

कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. वऱ्हाडातल्या जुन्या पिढीला आठवणारी ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ ती हीच. ती दुखत, सुजत, आणि क्वचित मज्जासंस्थेवर गंभीर दुष्परिणामही होत. त्या धास्तीने अनेक जण दवाखाना टाळत आणि उताऱ्याकडे वळत. ती लस भारतात २००५ पर्यंत पूर्ण बंद झाली. आजची लस दंडावर दिली जाते, सुरक्षित आहे आणि तिला चौदा सुया लागत नाहीत. लस बदलून बरीच वर्षे झाली तरी चौदा सुयांची भीती मात्र अजून घराघरांत शिल्लक आहे.

पाणी हवेच, पण घरच्या नळाचे

तलावाच्या प्रथेत एक धागा खरा आहे, तो म्हणजे पाणी. रेबीजच्या विषाणूवर चरबीयुक्त आवरण असते आणि साबण ते आवरण फोडतो. म्हणून चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुणे हा पहिला उपचार आहे. त्याला पैसा लागत नाही, डॉक्टर लागत नाही. बोअरचा नळ, शेतातला पंप, घरची बादली आणि मग, काहीही चालते. कपडे धुण्याची वडीही चालते. पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवायचे. एरवी दोन मिनिटांतच ‘झालं’ असे वाटते.

तलावापर्यंत पोहोचेतो काही तास किंवा दिवस गेलेले असतात. साचलेल्या पाण्यात ना साबण, ना धार. उलट उघड्या जखमेत दुसरे जंतू शिरण्याची भीती. जखमेवर तिखट, चुना, हळद, तेल किंवा रॉकेल लावणेही घातक. त्याने जखम चिडते आणि विषाणूला मज्जातंतूत शिरायला वाट मिळते. घट्ट पट्टी बांधू नये. टाके घालण्याची घाई करू नये; घालावेच लागले तर सीरम दिल्यानंतर.

कोणाला काय द्यायचे

कुत्र्याने धड कातडीवर नुसते चाटले असेल तर धुणे पुरते. दात लागून ओरखडा उठला पण रक्त आले नाही, तर धुणे आणि लस. रक्त आले, जखम खोल आहे, आधीच्या जखमेवर किंवा डोळ्या-तोंडात लाळ गेली, तर धुणे, लस आणि सीरम, असे तिन्ही. लाळेचा संशय असलेला ओरखडाही हलका समजू नये. ‘पिल्लूच होतं’, ‘घरचंच आहे’, ‘नख लागलं फक्त’ ही वाक्ये बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येतात. पिल्लालाही रेबीज होतो.

सीरम कशासाठी, हे अनेकांना कळत नाही. लस शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती तयार करायला शिकवते आणि त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतल्या विषाणूला अडवायला तयार प्रतिपिंडे लागतात. ती म्हणजे सीरम. ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात, म्हणून दुखते. पण खोल चाव्यात केवळ लशीवर भिस्त ठेवणे धोक्याचे. सीरम पहिल्या लशीबरोबरच द्यायचे असते, काही कारणाने राहिले तर सात दिवसांच्या आत. पूर्वी ते घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातूनच मिळे. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने प्रयोगशाळेत बनवलेले प्रतिपिंडही उपलब्ध आहे.

लशीचे वेळापत्रक सोपे आहे. त्वचेत द्यायच्या पद्धतीत पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. गरोदर बाई, बाळाला पाजणारी आई, तान्हे मूल, म्हातारा माणूस, मधुमेही, कोणालाही ही लस वर्ज्य नाही. चावा होऊन आठवडा किंवा महिना उलटला आणि आधी लस घेतलीच नसेल, तरी लक्षणे नाहीत तोवर ती घ्यावीच. शासकीय रुग्णालयांत लस मोफत मिळते. सीरम प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर पहिली लस तिथेच घेऊन उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार.

कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला मारू नये. दहा दिवस नजरेखाली ठेवावे. दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल तर पुढच्या डोसांचे डॉक्टर ठरवतील. पण त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवायची नाही. घाई एवढ्यासाठीच की लक्षणे सुरू झाल्यावर आज जगात कुठेही खात्रीचा उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात आणि त्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे आहे. मुले रागावतील म्हणून चावा लपवतात. घरात आधीच सांगून ठेवावे, की कुत्र्याने नुसता ओरखडा काढला तरी येऊन सांग, कोणी बोलणार नाही.

गड पाहायला जाताना

नरनाळा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे, आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगडही मेळघाटातच. दोन्हीकडे पर्यटक माकडांना बिस्किटे, शेंगा देतात आणि मग चावा किंवा ओरबाडा घेऊन परततात. माकड, कोल्हा, लांडगा, अस्वल, मुंगूस असा कोणताही जंगली सस्तन प्राणी चावला तर त्याला दहा दिवस पाहत बसण्याचा प्रश्नच येत नाही. तो चावा सर्वात गंभीर गटात धरून लस आणि सीरम दोन्ही घ्यावे लागते. गडावर जाताना पाण्याच्या बाटलीबरोबर साबणाची छोटी वडी पिशवीत टाकावी. तिचे वजन काहीच नाही.

माणसांना लस देणे ही शेवटची फळी. पहिली फळी कुत्र्यांचे लसीकरण. वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असा जगाचा अनुभव आहे. गोव्याने हे मनावर घेतले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. अकोला-अमरावतीच्या नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनाही हे जमण्यासारखे आहे.

दर्ग्यावर जाणाऱ्याला अडवण्याचे कारण नाही. गूळ-फुटाणे वाहावेत, महाकाली दरवाज्यावरची कमळे पाहावीत, तलावाकाठी बसावे. फक्त क्रम सांभाळावा. आधी नळाखाली पंधरा मिनिटे, मग दवाखाना, मग गड. आणि मागे न वळण्याचा नियम दवाखान्याला लावू नये. तिथे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी परत वळावेच लागते.